खनिज आपले, भट्टी कोणाची? इंडोनेशियाच्या निकेल-निर्यातबंदीचे प्रकरण

१ जानेवारी २०२० पासून इंडोनेशियाने आपल्या भूमीतून निघणारे कच्चे निकेल-खनिज परदेशी पाठवण्यावर पूर्ण बंदी घातली. मूळ वेळापत्रकाच्या दोन वर्षे आधी आलेल्या या बंदीने पुढच्या पाच वर्षांत निकेलच्या जागतिक बाजाराची घडीच बदलून टाकली. खाणीतून निघणाऱ्या जगातील एकूण निकेलमध्ये इंडोनेशियाचा वाटा २०२० मध्ये सुमारे ३० टक्के होता, तो २०२४ मध्ये ६० टक्क्यांच्या घरात गेला. इतक्या थोड्या काळात एखाद्या धातूच्या पुरवठ्यावर एका देशाची एवढी पकड बसल्याची उदाहरणे फारशी नाहीत, आणि हा धातू विजेवर चालणाऱ्या मोटारींच्या बॅटरीत लागत असल्यामुळे या प्रकरणाकडे स्वच्छ ऊर्जेच्या राजकारणातील कसोटीचा सामना म्हणून पाहिले गेले.

या प्रकरणाच्या दोन कथा रूढ आहेत. एक जकार्तातून सांगितली जाते: कच्चा माल विकणाऱ्या देशाने हिंमत केली, कारखाने आपल्याकडे खेचून आणले आणि निर्यातीचे उत्पन्न अनेक पटींनी वाढवले. दुसरी टीकाकारांची आहे: जंगले गेली, समुद्र गढूळ झाला, कोळसा जळाला आणि नफा चीनला गेला. दोन्ही कथांत तथ्य आहे, पण खनिज हातात असलेल्या देशाला नेमके काय ठरवता येते आणि काय ठरवता येत नाही, याचे उत्तर दोहोंतही पुरेसे मिळत नाही. माझ्या मते इंडोनेशियाने कारखाना कुठे उभा राहील हे ठरवले. तो कोणत्या तंत्राने, कोणत्या विजेवर आणि कोणत्या गिऱ्हाइकासाठी चालेल हे मात्र इतरांनी ठरवले. बंदी घालण्याचा निर्णय चुकीचा होता असे म्हणता येत नाही. उणीव राहिली ती बंदीमुळे हाती आलेली सौदाशक्ती वापरण्यात.

खनिजाचे स्वरूप

हे प्रकरण समजण्यासाठी निकेल कसे सापडते ते आधी पाहावे लागते. रशिया आणि कॅनडात निकेल मुख्यतः खोल खडकातील सल्फाइड खनिजात मिळते. इंडोनेशियातील सुलावेसी आणि हालमाहेरा या बेटांवरचे निकेल उष्ण व पावसाळी हवेत लाखो वर्षे झिजलेल्या खडकापासून तयार झालेल्या जांभा जातीच्या थरांत असते. वरचा तांबूस थर लोहाने भरलेला आणि निकेलने गरीब असतो, तर त्याखालच्या हिरवट-करड्या थरात निकेलचे प्रमाण जास्त असते. जास्त म्हणजे तरी किती, तर साधारण दीड ते दोन टक्के. शिवाय या मातीच्या वजनाचा सुमारे एक तृतीयांश भाग पाणी असते. ढोबळ हिशेब मांडला तर एक टन निकेल मिळवण्यासाठी १०० टनांच्या आसपास ओली माती उकरावी, वाहावी आणि भाजावी लागते.

बंदीपूर्वी ही मातीच जहाजांत भरून चीनला जात असे. २०१० च्या अखेरीस अवघ्या काही आठवड्यांत इंडोनेशियाहून निकेल-खनिज घेऊन निघालेली तीन मालवाहू जहाजे बुडाली आणि ४४ खलाशी मृत्युमुखी पडले. समुद्राच्या हेलकाव्यांनी ओल्या खनिजाचा चिखल होतो, तो एका बाजूला सरकतो आणि जहाज कलंडते. ज्या मालात ९८ टक्के टाकाऊ माती आणि भरपूर पाणी आहे, तो हजारो किलोमीटर वाहून नेण्यात आर्थिकदृष्ट्याही फारसा अर्थ नव्हता. भट्टी खाणीजवळ असावी हा इंडोनेशियाचा आग्रह राष्ट्रवादी घोषणेच्या रूपात पुढे आला असला, तरी त्यामागे असा साधा व्यवहारही होता.

घातली, सैल केली, पुन्हा घातली

१९४५ च्या इंडोनेशियन राज्यघटनेतील ३३ व्या कलमानुसार भूमी, पाणी आणि त्यांतील नैसर्गिक संपत्ती राज्याच्या नियंत्रणाखाली असून ती लोकांच्या जास्तीत जास्त कल्याणासाठी वापरली गेली पाहिजे. या कलमाचा आधार घेऊन राष्ट्राध्यक्ष सुसिलो बांबांग युधोयोनो यांच्या कारकिर्दीत २००९ चा खाण कायदा झाला आणि त्याने कंपन्यांना खनिजावर देशातच प्रक्रिया सुरू करण्यासाठी पाच वर्षांची मुदत दिली. बहुतेक कंपन्यांनी ती मुदत मनावर घेतली नाही. सरकार शेवटी नमते घेईल, हा त्यांचा अंदाज होता. उलट मुदत संपेपर्यंत जितके खनिज बाहेर काढता येईल तितके काढण्याची शर्यत लागली आणि २०१३ मध्ये निकेल-खनिजाची निर्यात ६ कोटी टनांच्या घरात गेली.

१२ जानेवारी २०१४ रोजी बंदी खरोखरच अमलात आली. तांब्याच्या बाबतीत मात्र सरकारने अमेरिकी कंपन्यांशी तडजोड केली आणि निर्यातशुल्क भरून अर्धप्रक्रिया केलेले खनिज पाठवण्याची मुभा दिली. त्या कंपन्यांपैकी न्यूमाँटने त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय लवादाकडे दावा नेला आणि महिन्या-दीड महिन्यात मागे घेतला. निकेलमध्ये अशी सूट मिळाली नाही. याचे एक कारण असे असावे की निकेल-माती विकणारे बहुतेक लहान आणि देशी होते. वॉशिंग्टनमध्ये त्यांची बाजू मांडणारे कोणी नव्हते.

पहिल्या बंदीचे परिणाम सरळ रेषेत घडले नाहीत. चीनने फिलिपिन्सकडून खनिज घ्यायला सुरुवात केली, २०१४ च्या मध्यात वर चढलेला भाव पुढे कोसळला आणि २०१६ च्या सुरुवातीस टनामागे ८,००० डॉलरच्याही खाली गेला. सरकारी खाण कंपनी आंतामचे उत्पन्न घटले आणि तिजोरीवर ताण आला. जानेवारी २०१७ मध्ये युधोयोनो यांच्यानंतर आलेले राष्ट्राध्यक्ष जोको विडोडो यांच्या सरकारने १.७ टक्क्यांहून कमी निकेल असलेल्या खनिजाची निर्यात भट्टी उभारण्याच्या अटीवर पुन्हा खुली केली. ही सवलत २०२२ पर्यंत टिकायची होती. २०१९ च्या उत्तरार्धात ती अचानक आखूड करण्यात आली आणि १ जानेवारी २०२० ही तारीख ठरली.

बंदीचा पहिला भार देशातल्याच लहान खाणमालकांवर पडला. बाहेरची बाजारपेठ बंद झाल्यावर त्यांच्यासमोर मोजक्या भट्ट्यांखेरीज गिऱ्हाईक उरले नाही, आणि देशांतर्गत खनिजाचा भाव आंतरराष्ट्रीय भावाच्या बराच खाली राहिला. खनिजाची प्रत कमी दाखवून पैसे कापले जातात अशा तक्रारी वाढल्या, तेव्हा सरकारने २०२० मध्ये आधारभूत किमतीचा नियम केला. या काळात खाणमालकाच्या खिशातून भट्टीमालकाकडे किती पैसा सरकला याची चर्चा परदेशात फारशी झालीच नाही. स्वस्त खनिज हे भट्टीसाठी दिलेले अनुदानच होते. फक्त अंदाजपत्रकात त्याची नोंद कुठे होत नव्हती.

मोरोवाली

मध्य सुलावेसीच्या किनाऱ्यावरील मोरोवाली ही औद्योगिक वसाहत या प्रकरणाचे केंद्र आहे. ऑक्टोबर २०१३ मध्ये शी जिनपिंग जकार्ताला आले असताना दोन्ही राष्ट्राध्यक्षांच्या उपस्थितीत तिच्या करारावर सह्या झाल्या. चीनची त्सिंगशान ही खासगी पोलाद कंपनी आणि बिंतांग देलापान हा इंडोनेशियन गट हे तिचे भागीदार आहेत. म्हणजे २०१४ ची बंदी लागू होण्याच्या तीन महिने आधीच, बंदी खरी ठरणार असे धरून एका कंपनीने पैसा लावला होता. पाश्चिमात्य कंपन्या कायद्याचा अर्थ लावत बसल्या, जपानी कंपन्या व्यवहार्यता तपासत राहिल्या आणि त्सिंगशानने धक्का, रस्ता, वीजघर आणि भट्ट्या एकाच वेळी बांधायला घेतल्या. वसाहतीतील भट्टीचे उद्घाटन विडोडो यांच्या हस्ते मे २०१५ मध्ये झाले.

त्सिंगशानकडे असलेले तंत्र फार जुने नव्हते. चीनमधील पोलादवाल्यांनी २००० नंतरच्या दशकात शुद्ध निकेलऐवजी निकेलयुक्त कच्चे लोखंड वापरून स्टेनलेस पोलाद तयार करण्याची पद्धत रुळवली होती. या पद्धतीत माती फिरत्या भट्टीत भाजतात, मग विजेच्या भट्टीत वितळवतात आणि १० ते १२ टक्के निकेल असलेले लोखंड बाहेर काढतात. हे लोखंड थंड न होऊ देता शेजारच्या पोलाद कारखान्यात ओतले तर इंधन वाचते. मोरोवालीत खाण, भट्टी, पोलाद कारखाना आणि बंदर एकाच आवारात आले, आणि काही वर्षांत इंडोनेशिया स्टेनलेस पोलादाच्या आघाडीच्या उत्पादकांत जाऊन बसला. हालमाहेरावरील वेदा बे येथेही २०१८ पासून याच नमुन्याची दुसरी वसाहत उभी राहिली.

इथे एक गोष्ट ठळकपणे नोंदवायला हवी. या साऱ्या उभारणीचा पहिला टप्पा पोलादासाठी होता, बॅटरीसाठी नव्हता. आजही जगातील निकेलपैकी दोन तृतीयांशाच्या आसपास माल स्टेनलेस पोलादात जातो. स्वच्छ ऊर्जेचे नाव या धोरणाला नंतर जोडले गेले, आणि ते जोडल्याने धोरणाला जगभर जी प्रतिष्ठा मिळाली ती निव्वळ पोलादाच्या नावावर मिळाली नसती.

बॅटरीकडे वळण घेतले गेले ते २०२१ च्या सुमारास. वरच्या गरीब थरातील खनिज २५० अंश सेल्सिअसच्या आसपासच्या तापमानाला, प्रचंड दाबाखाली गंधकाम्लात विरघळवून निकेल आणि कोबाल्टचा मिश्र साका काढण्याची पद्धत पश्चिम ऑस्ट्रेलिया, न्यू कॅलेडोनिया आणि मादागास्कर येथे अनेकदा वापरली गेली होती, आणि बहुतेक ठिकाणी तिने खर्च व वेळापत्रक दोन्ही मोडून काढले होते. चिनी अभियंत्यांनी पापुआ न्यू गिनीतील रामू प्रकल्पात तिच्यावर हात बसवला आणि तेच कौशल्य इंडोनेशियातील ओबी बेटावर व मोरोवालीत आणले. तिथले प्रकल्प पाश्चिमात्य प्रकल्पांच्या मानाने फार कमी भांडवलात आणि फार लवकर सुरू झाले. त्याच वर्षी मार्चमध्ये त्सिंगशानने निकेलयुक्त लोखंडापासूनही बॅटरीयोग्य माल तयार करणार असल्याचे जाहीर केले आणि जागतिक भाव एका झटक्यात उतरला. पोलादाचे निकेल आणि बॅटरीचे निकेल हे दोन वेगळे बाजार आहेत, ही समजूत त्या दिवशी मोडली.

मार्च २०२२ मध्ये याच कंपनीमुळे लंडन धातुबाजार ठप्प झाला. भाव उतरेल या अपेक्षेने त्सिंगशानने मोठ्या प्रमाणावर विक्रीचे वायदे केले होते. रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यावर भाव उलटा उसळला. बाजाराचा करार ९९.८ टक्के शुद्ध निकेल देण्याचा होता आणि कंपनीच्या भट्ट्यांतून निघणारा माल त्या प्रतीचा नव्हता, त्यामुळे हातात धातू असूनही तो देऊन वायदा मोकळा करण्याची सोय नव्हती. ८ मार्चला भाव टनामागे १ लाख डॉलरच्या वर गेला, बाजाराने व्यवहार थांबवले आणि त्या दिवशीचे अब्जावधी डॉलरचे सौदे रद्द केले. रद्द झालेल्या सौद्यांवरून लंडनच्या न्यायालयात दावे लागले आणि २०२३ मध्ये निकाल बाजाराच्या बाजूने गेला. सुलावेसीच्या मातीचा भाव लंडनमध्ये ठरतो, पण त्या मातीपासून निघणारा माल लंडनच्या गोदामात चालत नाही, ही विसंगती तेव्हा उघड झाली.

जिनिव्हातील दावा

नोव्हेंबर २०१९ मध्ये, बंदी लागू होण्यापूर्वीच, युरोपीय संघाने जिनिव्हातील जागतिक व्यापार संघटनेकडे तक्रार दाखल केली. युरोपची चिंता बॅटरीची नव्हती. आपल्या स्टेनलेस पोलाद उद्योगाला खनिज मिळणार नाही आणि इंडोनेशियाचे स्वस्त पोलाद मात्र दारात येईल, ही होती. नोव्हेंबर २०२२ च्या अखेरीस तंटा-मंडळाने निकाल दिला. निर्यातबंदी आणि देशांतर्गत प्रक्रियेची सक्ती या दोन्ही गोष्टी १९९४ च्या सर्वसाधारण व्यापार कराराच्या अकराव्या अनुच्छेदाचा भंग करतात, आणि तीव्र टंचाई टाळण्यासाठी तात्पुरते निर्बंध घालण्याचा जो अपवाद करारात आहे त्यात ही बंदी बसत नाही, असे मंडळाने म्हटले.

कायद्याच्या दृष्टीने निकाल स्पष्ट होता. पुढे जे घडले ते अधिक बोलके आहे. डिसेंबर २०२२ मध्ये इंडोनेशियाने अपील केले. परंतु ज्या अपील मंडळाकडे ते गेले तिथे ऐकायला कोणी नव्हते. अमेरिकेने नव्या सदस्यांच्या नेमणुका अडवून धरल्यामुळे ते मंडळ डिसेंबर २०१९ पासून बंद पडले होते. या अडचणीवर उपाय म्हणून युरोपसह काही देशांनी पर्यायी लवादव्यवस्था उभारली होती, पण इंडोनेशिया तिचा सदस्य नव्हता. परिणामी निकाल अंमलबजावणीविना राहिला आणि विडोडो यांनी माघार घेणार नसल्याचे पुन:पुन्हा जाहीर केले.

दावा चालू असतानाच, मार्च २०२२ मध्ये, युरोपीय संघाने इंडोनेशियाच्या स्टेनलेस पोलादावर अनुदानविरोधी शुल्क लावले, आणि ते लावताना चीनच्या सरकारी बँकांनी मोरोवालीत दिलेले अर्थसाहाय्य इंडोनेशियाच्या खात्यावर धरले. एका देशाचे अनुदान दुसऱ्या देशाच्या नावे मांडण्याचा हा पवित्रा वादग्रस्त होता आणि इंडोनेशियानेही त्याविरुद्ध जिनिव्हात तक्रार केली. नियमांचा आदर दोन्ही बाजूंनी सोयीपुरताच केला, असे म्हणण्यास इथे जागा आहे.

२०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने निर्यातबंदी हळूहळू मागे घेण्याचा सल्ला दिला तेव्हा जकार्तात तीव्र प्रतिक्रिया उमटली. आज श्रीमंत असलेले देश आपल्या चढत्या काळात जकाती, अनुदाने आणि निर्यातबंदी यांच्याच आधाराने उद्योग उभारत होते, हा इंडोनेशियाचा युक्तिवाद इतिहासाला धरून आहे आणि तो खोडून काढणे सोपे नाही.

कोळशाची मेख

मोरोवाली आणि वेदा बे येथील भट्ट्यांना लागणारी वीज राष्ट्रीय जाळ्यातून येत नाही. वसाहतींची स्वतःची कोळशावरची वीजघरे आहेत. उद्योगांच्या मालकीच्या अशा वीजघरांची देशातील एकूण क्षमता १०,००० मेगावॉटच्या पुढे गेली आहे आणि तिचा मोठा हिस्सा निकेलसाठी चालतो. कोळशाच्या विजेवर वितळवलेल्या आणि पुढे बॅटरीयोग्य केलेल्या एक टन निकेलमागे ५० टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड सुटतो असे अंदाज आहेत. सल्फाइड खनिजापासून केलेल्या निकेलच्या बाबतीत हा आकडा त्याच्या काही अंशानेच असतो.

राजकारण कसे चालते हे २०२२ च्या दोन घटना शेजारी ठेवल्या की दिसते. सप्टेंबरमध्ये विडोडो यांनी काढलेल्या ११२ क्रमांकाच्या अध्यक्षीय आदेशाने नवी कोळसा वीजघरे बांधण्यास मनाई केली, मात्र खनिजावर प्रक्रिया करणाऱ्या उद्योगांच्या वीजघरांना त्यातून वगळले. दोनच महिन्यांनी, बालीतील जी-२० परिषदेत, अमेरिका आणि जपान यांच्या पुढाकाराने इंडोनेशियाला कोळसा सोडण्यासाठी २० अब्ज डॉलरचे साहाय्य जाहीर झाले. आराखडा आखायला बसल्यावर उद्योगांच्या वीजघरांवर घोडे अडले, कारण ती धरली तर उत्सर्जनाचे लक्ष्य गाठता येत नव्हते. नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आराखड्यात उत्सर्जनाची मर्यादा फक्त राष्ट्रीय जाळ्यासाठी ठेवली गेली; उद्योगांची वीजघरे लक्ष्याबाहेर राहिली. मार्च २०२५ मध्ये अमेरिका या साहाय्यातून बाहेर पडली. परदेशात नवी कोळसा वीजघरे बांधणार नाही असे शी जिनपिंग यांनी सप्टेंबर २०२१ मध्ये संयुक्त राष्ट्रांत सांगितले होते, पण औद्योगिक वसाहतींतील संच त्यानंतरही उभे राहत गेले.

दुसरा मार्ग नव्हताच असे मात्र नाही. दक्षिण सुलावेसीतील सोरोवाको येथे १९६८ च्या करारान्वये आलेली आणि आता वाले इंडोनेशिया या नावाने चालणारी कंपनी लारोना नदीवरील तीन जलविद्युत केंद्रांच्या विजेवर निकेल वितळवते. या उदाहरणातून दोन उलट गोष्टी दिसतात. एक, याच बेटावर, याच खनिजावर, कोळशाविना मोठी भट्टी चालू शकते. दोन, निर्बंध नसताना अर्धशतकभर या कंपनीने खनिजावर एकच प्रक्रिया केली आणि अर्धशुद्ध माल जपानला पाठवत राहिली. स्वच्छ वीज मिळाली, पण पुढचा कारखाना आला नाही. बंदीनंतर कारखाने आले, पण वीज कोळशाची आली. धरण बांधायला वेळ लागतो आणि बंदीनंतर पहिल्या तीन वर्षांत भट्टी सुरू करून दाखवण्याची घाई सरकारला आणि कंपनीला सारखीच होती, हे त्याचे मोठे कारण आहे.

माणसांनी मोजलेली किंमत वेगळी सांगावी लागते. मोरोवालीत सत्तर-ऐंशी हजारांच्या घरात कामगार आहेत. जानेवारी २०२३ मध्ये उत्तर मोरोवालीतील एका कारखान्यात सुरक्षितता आणि वेतनावरून संप होऊन दंगल उसळली आणि एक इंडोनेशियन व एक चिनी असे दोन कामगार ठार झाले. त्याच वर्षी २४ डिसेंबरला मोरोवालीत भट्टीच्या दुरुस्तीदरम्यान स्फोट झाला. मृतांची संख्या पुढे २१ वर गेली. २०२२ मध्ये मध्य सुलावेसी आणि हालमाहेरा ज्यात येते तो उत्तर मालुकू हे प्रांत दोन अंकी आर्थिक वाढ नोंदवत होते, तरी मध्य सुलावेसीतील दारिद्र्याचे प्रमाण राष्ट्रीय सरासरीच्या वरच राहिले. वाढ वसाहतीच्या कुंपणाआत झाली आणि धूर, गढूळ पाणी व महागलेली घरभाडी कुंपणाबाहेर आली.

किती उरले, कोणाकडे

निर्यातीच्या आकड्यांवर सरकारचा भर असतो, आणि ते आकडे खरोखर मोठे आहेत: निकेलजन्य मालाची निर्यात काही वर्षांत ३ अब्ज डॉलरच्या आसपासून २०२२ मध्ये ३० अब्ज डॉलरच्या वर गेली. परंतु निर्यातीचे मूल्य म्हणजे देशात उरलेला पैसा नव्हे. शुद्धीकरण क्षमतेचा सुमारे तीन चतुर्थांश भाग चिनी कंपन्यांच्या नियंत्रणाखाली आहे, यंत्रसामग्री आयात झाली आहे, भांडवल चिनी बँकांचे आहे आणि मोठ्या गुंतवणुकीला २० वर्षांपर्यंत कंपनीकर माफ करण्याची सोय आहे. फैसल बस्री या इंडोनेशियन अर्थतज्ज्ञांनी हाच मुद्दा लावून धरला आणि २०२३ मध्ये अध्यक्षांना त्यावर जाहीर खुलासा करावा लागला. दोघांच्या आकड्यांत मोठे अंतर होते, पण करसवलतीचा कालावधी कशाच्या बदल्यात दिला, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर खुलाशात नव्हते. तंत्र हस्तांतर, स्थानिक अभियंत्यांचे प्रमाण, विजेचा स्रोत यांपैकी एकही अट ठोसपणे घातली गेली असती, तर ती मान्य करण्यावाचून त्सिंगशानपुढे फारसा पर्याय नव्हता. खनिज दुसरीकडे एवढ्या प्रमाणात आणि एवढे स्वस्त मिळत नव्हते. सौदा करण्याची ती वेळ २०१५ ते २०२० या दरम्यान होती. भट्ट्या उभ्या राहिल्यावर तराजू झुकला, कारण मग हजारो रोजगार आणि निर्यातीचे आकडे यांचेच सरकार ओलीस झाले.

बॅटरीच्या साखळीत तर देश अर्ध्यावरच थांबला आहे. आम्लप्रक्रियेतून निघणारा मिश्र साका बहुतांशी चीनला जातो आणि बॅटरीच्या धनाग्राचे (कॅथोडचे) रसायन तिथे तयार होते. पश्चिम जावातील कारावांग येथे ह्युंदाई आणि एलजी यांचा बॅटरी कारखाना जुलै २०२४ मध्ये सुरू झाला, पण खाणीपासून बॅटरीपर्यंतच्या मोठ्या नियोजित प्रकल्पातून एलजी एप्रिल २०२५ मध्ये बाहेर पडली. त्याआधी जून २०२४ मध्ये जर्मनीची रसायन कंपनी बीएएसएफ आणि फ्रान्सची खाण कंपनी एरामेट यांनी वेदा बे येथील आम्लप्रकल्प सोडून दिला होता. जून २०२५ मध्ये कारावांगमध्ये ज्या नव्या प्रकल्पाची पायाभरणी झाली तो चीनच्या सीएटीएल या बॅटरी कंपनीचा आहे.

याला अमेरिकी धोरणाचीही जोड आहे. ऑगस्ट २०२२ च्या अमेरिकी कायद्याने विजेच्या मोटारीवरील ७,५०० डॉलरच्या करसवलतीचा निम्मा भाग अमेरिकेतील किंवा तिच्याशी मुक्त व्यापार करार असलेल्या देशांतील खनिजांशी बांधला. इंडोनेशियाशी असा करार नव्हता. शिवाय चीनच्या नियंत्रणाखालील कंपन्यांचा माल वगळण्यासाठी २५ टक्के मालकीची रेषा आखली गेली, तेव्हा नव्या प्रकल्पांत चिनी हिस्सा २५ टक्क्यांखाली दाखवण्याचा घाट घातला जाऊ लागला. जकार्ताने फक्त खनिजांपुरता मर्यादित करार मागितला, तो झाला नाही. आणि ३० सप्टेंबर २०२५ नंतर ती करसवलतच रद्द झाली.

दरम्यान रसायनशास्त्रानेही दिशा बदलली. लोह आणि फॉस्फेट वापरणाऱ्या, निकेल व कोबाल्ट अजिबात न लागणाऱ्या बॅटऱ्यांनी २०२४ पर्यंत जागतिक मोटार-बॅटरी बाजाराचा जवळजवळ निम्मा भाग काबीज केला. या बॅटऱ्यांतही आघाडी चीनचीच आहे. एकाच खनिजाच्या जोरावर बॅटरीची सत्ता हाती येईल हे गृहीतक त्यामुळे कमकुवत झाले.

इंडोनेशियाच्या स्वस्त निकेलचा फटका इतरांना जोरात बसला. भाव उतरल्याने फेब्रुवारी २०२४ मध्ये ग्लेनकोर या खाण कंपनीने न्यू कॅलेडोनियातील कोनियाम्बो प्रकल्पातून हात काढून घेतला आणि त्याच वर्षी बीएचपी या दुसऱ्या खाण कंपनीने पश्चिम ऑस्ट्रेलियातील आपला निकेल व्यवसाय थांबवला. चीनवरचे अवलंबन कमी करू पाहणाऱ्या देशांचे पर्यायी पुरवठादार असे एकेक करून बंद पडले. कोबाल्टचा सर्वात मोठा उत्पादक असलेल्या काँगोच्या बाबतीत तर अधिक विचित्र परिणाम झाला. आम्लप्रक्रियेत निकेलबरोबर कोबाल्टही निघत असल्यामुळे इंडोनेशिया जगातील दुसऱ्या क्रमांकाचा कोबाल्ट उत्पादक बनला, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये काँगोने भाव सावरण्यासाठी कोबाल्टची निर्यात रोखली व ऑक्टोबरपासून कोटा लावला, तेव्हा खरेदीदारांना दुसरे दार आधीच उघडे होते. खनिजवाल्या देशांनी एकजूट करावी असे विडोडो यांच्या मंत्र्यांनी तेल उत्पादकांच्या संघटनेचा दाखला देत सुचवले होते. व्यवहारात एका खनिजवाल्या देशाची मुसंडी दुसऱ्याची पकड ढिली करते, असेच इथे दिसले.

प्राबोवो यांच्या काळात

ऑक्टोबर २०२४ मध्ये प्राबोवो सुबियांतो अध्यक्ष झाले आणि धोरणाचे नाव तेच राहिले, तरी त्याची धार दोन दिशांना वळली. देशात सरकार अधिक मागू लागले आहे. एप्रिल २०२५ पासून निकेल-खनिजावरचे स्वामित्वशुल्क १० टक्क्यांवरून भावानुसार १४ ते १९ टक्के करण्यात आले, खाणींच्या उत्पादन-मंजुऱ्या तीन वर्षांऐवजी पुन्हा दरवर्षी देण्याचे ठरले, आणि जून २०२५ मध्ये राजा अम्पात या प्रवाळद्वीपांच्या समूहातील पाचपैकी चार खाणपरवाने लोकांच्या रेट्यामुळे रद्द झाले. चांगल्या प्रतीचे खनिज झपाट्याने संपत असल्याने भट्ट्या आता फिलिपिन्सहून खनिज आणतात. २०२४ मध्ये ही आयात १ कोटी टनांच्या पुढे गेली. जगाला माती विकणे बंद करणाऱ्या देशाने शेजाऱ्याची माती विकत घ्यावी, यात धोरणाचे यश आणि त्याची उधळपट्टी दोन्ही आहेत.

परदेशी आघाडीवर मात्र सरकार मऊ झाले आहे. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेबरोबर जाहीर झालेल्या चौकटीत इंडोनेशियाच्या मालावर १९ टक्के शुल्क ठरले आणि महत्त्वाच्या खनिजांसह औद्योगिक मालाच्या अमेरिकेला होणाऱ्या निर्यातीवरचे निर्बंध काढण्याचे इंडोनेशियाने मान्य केले. जकार्तातील अधिकाऱ्यांनी लगेच खुलासा केला की हे प्रक्रिया केलेल्या मालाबद्दल आहे आणि कच्च्या खनिजावरची बंदी कायम आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये युरोपीय संघाबरोबरच्या सर्वंकष आर्थिक भागीदारी कराराच्या वाटाघाटीही पूर्ण झाल्या. जिनिव्हातील निकालाने जे साधले नव्हते त्यातले थोडेबहुत आता शुल्काच्या सौद्यांत मागितले जात आहे, आणि प्रक्रिया केलेल्या मालाची व्याख्या कुठल्या टप्प्यापासून धरायची, यावर भट्टीमालकांचे, खाणमालकांचे आणि तीन राजधान्यांतील वाटाघाटीकारांचे हिशेब वेगवेगळे आहेत.